हौदावरचा नमदा

मी नमदा बोलतोय. मेंढीची लोकर थापून, साबणाच्या पाण्यात तुडवून तुडवून मला केलं, ते दिवाणखान्यात अंथरायला. पण इराणच्या डोंगरातल्या नतंज गावच्या अशरफ खानमनी मला विकत घेतलं आणि थेट अंगणातल्या हौदावर नेऊन टाकलं. मी मनातून खट्टू झालो, खोटं कशाला बोलू?

हौदात त्यांचं निळं कमळ होतं. इराकशी झालेल्या लढाईत दक्षिणेतलं खुर्रमशहर सोडलं, तेव्हा नवऱ्याला तिथल्याच मातीत ठेवून आल्या होत्या त्या. बरोबर आणला तो ओल्या फडक्यात गुंडाळलेला एवढा एक कंद. उष्ण मुलखातला जीव, त्याला आमची डोंगरातली थंडी कशी सोसावी? पानगळ झाली की खानम कमळाची कुंडी हौदाच्या तळाशी उतरवायच्या, वर काठ्या टाकायच्या आणि दिवस कलला की मला पसरायच्या. ऊन आलं की काढायच्या. सगळं हिम माझ्या पाठीवर! एकोणीस हिवाळे कुरकुरत का होईना, मी ते झेललं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर शेजारी फरीबर्ज राहायला आला. जर्मनीत वाढलेला, भला माणूस. चहाला आला आणि कठड्यावर वाळत घातलेल्या माझ्यावरून हात फिरवत म्हणाला, "काय सुरेख आहे हो हा नमदा!"

"तुमचाच समजा. घेऊन जा," खानम म्हणाल्या.

आमच्याकडे हे म्हणायचंच असतं. समोरच्यानं नको म्हणायचं, आपण आग्रह करायचा, त्यानं पुन्हा नको म्हणायचं आणि वस्तू जागच्या जागी राहायची. फरीबर्ज दोनदा नको म्हणाला. तिसऱ्या आग्रहाला बिचाऱ्याचे डोळेच भरून आले. "इतकं प्रेम माझ्यावर कुणी केलं नव्हतं, खानम," म्हणत त्यानं मला काखोटीला मारलं. खानम बघतच राहिल्या.

फरीबर्जच्या घरात पोचलो, तोच भिंतीपलीकडून खानमच्या लेकीचा, महताबचा आवाज आला. "आई, आता थंडीलाही सांग, कमळ तुमचंच समजा म्हणून!"

"गप्प बस. दिलेलं परत मागू? कुठल्या तोंडानं? चादरी घालू दोन, भागेल."

भागलं नाही, हे मला मागाहून कळलं. चादरी भिजून पाण्यात लोंबल्या आणि तिथंच गोठल्या. वसंतात, नवरोजच्या सणाआधी कुंडी वर काढली, तर कंद बोटांत पिचला.

नवरोजला फरीबर्ज मिठाई घेऊन आला, कमळ कधी फुलणार म्हणून विचारू लागला. "जुनं झालं होतं हो, गेलं," खानम म्हणाल्या. महताबला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं.

फरीबर्ज पांढराफटक पडला. धावत जाऊन मला घेऊन आला. "एक शब्द बोलायचा होतात, खानम!"

"बोलायला हवं होतं. माझंच चुकलं," खानम म्हणाल्या आणि रडू लागल्या.

दोघंही स्वतःला दोष देतात. मला कुणी विचारत नाही. पण महताबचं बोलणं मी ऐकलं होतं. फरीबर्जच्या कोचावर, शेगडीजवळ, मस्त उबेत. मला पाय नाहीत, कबूल. पण परत जावं असं वाटलंसुद्धा नाही मला! गेली एकदाची ती थंडी, म्हणून मी सुखावलो. पुढे अख्ख्या हिवाळ्यात मला त्या कमळाची एकदाही आठवण झाली नाही.

यंदाही खानम रोज दिवस कलला की मला हौदावर पसरतात. सवय जात नाही त्यांची. खाली नुसतं पाणी आहे. कुठे फट राहू नये म्हणून त्या माझ्या कडा हातानं दाबून बसवतात, तेव्हा वाटतं ओरडून सांगावं, खानम, इतक्या मायेनं नका हो हात लावू मला.