टायरच्या कडा

वडील गेल्यावर त्यांच्या एकेका वस्तूची सोय लागत गेली. उरली मोटारसायकल. ती आतेभावाला द्यायची असं ठरलं, तेव्हा लेकीनेही मान डोलावली होती. घरात आता ती एकटीच. गाडी तिला चालवता यायची, पण ती क्वचितच काढायची; नुसती शोभेला ठेवण्यात अर्थ नव्हता.

तो न्यायला आला, उकिडवा बसला आणि मागच्या टायरवरून तळहात फिरवून हसला. "मामा सांगायचे ते खरंच होतं तर."

टायर मधोमध बऱ्यापैकी शाबूत होता, दोन्ही कडा मात्र पार गुळगुळीत. सरळ धावणाऱ्या गाडीचा टायर मध्ये झिजतो. कडा झिजवायच्या तर गाडी वळणावर झुकवावी लागते आणि तीही मनापासून, असं त्याने पंजा कलता करून दाखवलं.

तिला ते पटेना. बाबा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. कॉलेजची सगळी वर्षं ती त्यांच्या मागे बसून गेली होती, ती पहिले काही दिवस सोडले तर कायम हमरस्त्याने. दुतर्फा गोदामं, पेट्रोलपंप आणि डोळ्यांवर झापड आणणारा सरळपणा.

"ताई, तो रस्ता तुझ्यासाठी होता," तो म्हणाला. "वळणावर ते डावीकडे झुकले की तू उजवीकडे. मामा म्हणायचे, लेक माझ्या मागे बसून माझ्याशीच भांडते."

ती आधी हसली. गाडी पडू नये म्हणून ती बिचारी आपल्या परीने तोल सांभाळत होती. त्यांनी मात्र एकदाही हटकलं नाही, मुकाट्याने रस्ता बदलला. वळणं त्यांनी स्वतःपुरती ठेवली, धरणामागच्या टेकडीवरची, हेही आतेभावानेच सांगितलं. कुठे गेला होतात असं विचारलं, की म्हणायचे, इथेच.

एक चक्कर मारून येते, असं सांगून तिने हातातली किल्ली हातातच ठेवली.

टेकडीच्या पहिल्या वळणाला ती सवयीने ताठ बसली. गाडी बाहेर फेकली जाऊन कडेच्या खडीला लागली. दुसऱ्यालाही तेच. मग एका वळणावर तिने खडीकडे न बघता, जिथे जायचं तिकडे पाहिलं, आणि गाडी तिला घेऊन अलगद आत झुकली. डांबर चांगलं होतं, रहदारी नव्हती, पण गंमत तेवढ्यात नव्हती. एक वळण सरतं न सरतं तोच दुसरं पुढ्यात यायचं. एखादं सैल, एखादं शेवटाला आवळत जाणारं. रस्ता विचारायचा आणि उत्तर अंगानेच द्यावं लागायचं. डोक्यात दुसरं काही ठेवायला जागाच उरत नव्हती. दवाखान्याचा जिना नाही, ती रिकामी खोली नाही.

माथ्यावर तिने इंजिन बंद केलं आणि शांतता एकदम अंगावर आली. जमलं, हे सांगायला कोणी नव्हतं. बाबाही इथेच थांबत असतील, हेल्मेट टाकीवर ठेवून, सांगण्यासारखं पुष्कळ असून. मागची सीट उन्हाने तापली होती. तिने हात ठेवला आणि काढून घेतला.

फोन वाजला. गाडी बंद पडली का, असं आतेभाऊ विचारत होता.

"नाही रे. पण गाडी देत नाही तुला."

तो म्हणाला, राग नाही, पण तू करणार काय तिचं?

"शिकणार."

"अगं, येते की तुला चालवायला."

"सरळ रस्त्यावर येते," ती म्हणाली.