येलेनाची सात मिनिटं

झेल्कोसर मस्कतच्या जाहिरात कंपनीत आले तेव्हा साठी ओलांडून गेले होते. निझव्याचा किल्ला, तिथला बाजार, असल्या दोन-दोन मिनिटांच्या फिल्म ते पर्यटकांसाठी करायचे आणि वसईची रेजिना डाबरे त्या एडिट करायची. क्रोएशियात त्यांचं एकेकाळी मोठं नाव होतं. पण नव्वदच्या दशकातल्या तिथल्या युद्धावर त्यांनी माहितीपट केला, शेजारच्या सर्बांची घरं आपल्याच लोकांनी जाळली असं त्यात दाखवलं, आणि ते गद्दार ठरले. अनुदान थांबलं, थिएटरं मिळेनात, मित्र फोन उचलेनात. पोटासाठी माणूस इथवर आला.

मार्चमध्ये तिकडच्या एका वाहिनीने कळवलं, फिल्म दाखवू, फक्त त्यात बोलणाऱ्या म्हातारीची सात मिनिटं काढा. सर पेनड्राइव्ह घेऊन रेजिनाकडे आले. आपल्या हाताने आपल्याला जमणार नाही, तूच काप, म्हणाले.

पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी चुलीजवळ बसून बोलत होती. भाषा कळेना, म्हणून रेजिनाने विचारलं, "ही काय म्हणतेय?"

"घरं जाळणारे परके नव्हते, माझा भाऊ त्यांच्यात होता. येलेना नाव तिचं."

"मग पुढे?"

"गावाने तिच्याशी बोलणं टाकलं. गेल्या वर्षी ती गेली, तर शवपेटी उचलायला चार माणसं मिळाली नाहीत. मी इथे शूटिंगला होतो."

रेजिनाच्या गावात भाऊबंदकी कमी नव्हती, पण मयताला सगळी आळी यायची. तरी सांगितलेलं काम तिने केलं. सरांनी ते दोनदा बघितलं.

"काही कापलंय हे कळतसुद्धा नाही," ते म्हणाले, आणि न पाठवताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी रेजिना पोचली तर ते तिच्या खुर्चीशेजारी बसून होते. रात्रभर झोप नसावी. तिला परत जोड, म्हणाले. वाहिनी नकार देईल, हे रेजिनाने बोलून दाखवलं.

"देऊ दे. माझं नुसतं काम गेलं. तिला खांदा द्यायला माणसं मिळाली नाहीत."

फिल्म पूर्ण पाठवली आणि नकार आठवड्यात आला, दोन ओळींचा. सरांनी तो वाचला आणि निझव्याचं फुटेज लावायला सांगितलं. दिवसभर दोघांनी काम केलं. निघताना रेजिनाने त्यांना शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्सानंतर घरी जेवायला बोलावलं.

मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या तिच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सर आले. सुरमईचं कालवण तिखट लागलं, तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. रेजिनाचा नवरा व्हॅलेंटाईन हॉटेलात काम करणारा, सिनेमाचा शौकीन. त्याने सहज विचारलं, तुम्ही कुठल्या फिल्म केल्यात?

दोन वर्षांत ऑफिसात हा प्रश्न आला की सर हसून विषय बदलायचे. आज त्यांनी हात पुसले आणि येलेनाच्या गावापासून सुरुवात केली. चहा दोनदा झाला तरी ते सांगतच होते.