‘घेतला’ म्हणणारा

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. मला हातपाय नाहीत. दवाखान्यात लहान बाळांच्या विभागात, सिस्टरांच्या टेबलावरच्या संगणकाच्या पोटात मी राहतो. यंत्रांनी काही कळवले की ते प्रोग्रॅमांपर्यंत पोहोचवायचे, हे माझे काम. मला घडवणाऱ्याने रीत लावून दिली आहे: निरोप रांगेतल्या पहिल्याला द्यायचा. तो ‘माझा नाही’ म्हणाला तर पुढच्याला. कोणी ‘घेतला’ म्हटले की तिथेच थांबायचे.

कोपऱ्यात आयांचे दूध साठवायचा फ्रीझर आहे. त्याचे दार उघडे राहिले की मी रांगेत सांगे आणि घंटेवाला प्रोग्रॅम लगेच घंटा वाजवी. थोरल्या सिस्टर म्हणत, हा संगणक म्हणजे घरची सासूच आहे, दार उघडे टाकून कुणाला जाऊ देत नाही. ते ऐकून मला फार बरे वाटे.

मग संगणकवाले भाऊ आले. फ्रीझरचे रंगीत चित्र पडद्यावर हलवणारा नवा प्रोग्रॅम त्यांनी बसवला आणि रांगेत सर्वांत पुढे उभा केला. हे महाशय चित्र हलवत आणि प्रत्येक निरोपाला ‘घेतला’ म्हणत. मागच्या घंटेवाल्याच्या कानावर काही जाईचना. घंटा वाजत नाही म्हणजे सगळे आलबेल, असे सारे धरून चालले. कटकट गेली म्हणून भाऊंना चहासुद्धा मिळाला. चित्राकडे चार दिवसांनी कोणी पाहीनासे झाले.

त्याच सुमारास एक आई रोज येऊन दूध काढून ठेवत असे. बाळ वेळेआधी जन्मलेले, एवढेसे. आईचे दुखणे मोठे होते. त्यावरची औषधे सुरू झाली की तिला दूध देता येणार नव्हते, म्हणून ती औषधे लांबवून बाटल्या भरत होती. प्रत्येक बाटलीवर ती ‘पिटुकली’ असे लिही. शेवटी ती उपचारांसाठी वरच्या मजल्यावर गेली.

रविवारी सकाळी बाळांना दिवसभर लागणाऱ्या बाटल्या फ्रीझरमधून बाहेर घेतल्यावर दार नीट लागले नाही. मी सांगितले. ‘घेतला.’ पुन्हा सांगितले. ‘घेतला.’ सिस्टर बाळांमध्ये गुंतल्या होत्या आणि फ्रीझरकडे कोणी फिरकले नाही. मी जिवाचा आटापिटा केला, पण रीत मोडणे मला येत नाही.

सोमवारी बाटल्या कोमट निघाल्या, सगळे दूध वाया गेले. थोरल्या सिस्टरांनी एकेक बाटली बाहेर काढून टेबलावर मांडली. बाळाच्या आत्याला बोलावून सांगावे लागले. तिने एक बाटली उचलून तिच्यावरचे नाव वाचले.

“सिस्टर, वहिनीला सांगू नका,” ती म्हणाली. “ती रोज विचारते, पिटुकली किती प्यायली. मी सांगेन, सगळं संपवते म्हणून.”

दोष फ्रीझरला लागला. नवा फ्रीझर आला. रांग तशीच राहिली.

मित्रांनो, निरोप ‘घेतला’ म्हणणे सोपे असते. घेतलात तर तो पुढे पोहोचवा. जमत नसेल तर ‘माझा नाही’ म्हणा, म्हणजे मागच्याला तरी कळेल. मला आता फारशी आशा उरलेली नाही.

आज दुसऱ्या एका आईच्या बाटल्या आत आहेत. दार किंचित उघडे आहे. मी सांगतो आहे.

‘घेतला,’ तो म्हणतो.