काचेच्या मूत्राशयाचे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी एक जुने मूत्राशय आहे. हसायचे तेवढे हसून घ्या, मला सवय आहे. पण मी माणसाच्या पोटातले नव्हे, काचेचे. काच फुंकणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. आत एक भांडे, बाहेर दुसरे, आणि मधल्या पोकळीतून कोमट पाणी फिरते, म्हणून मला माणसाच्या अंगाची ऊब येते. त्याच्या बायकोने मला हातात घेऊन विचारले, "फुलदाणी का?" त्याने खरे सांगताच ती मला खाली ठेवून हात धुऊन आली. माझ्या नशिबात काय वाढून ठेवले आहे, ते मला तेव्हाच कळले.

पुढे इस्पितळाच्या तळमजल्यावरची प्रयोगशाळा हेच माझे घर झाले. ज्यांना लघवी होत नाही, त्यांच्या मूत्राशयात एक नळी घालतात. तिला कॅथेटर म्हणतात. तशी नळी माझ्यात बसवायची, वरून बनावट लघवी थेंबथेंब सोडायची आणि मुद्दाम वाईट जिवाणू घालून नळी किती टिकते ते बघायचे, हा इथला उद्योग. हे जिवाणू महाचिवट. आधी चंचुप्रवेश करतात, मग नळीवर चिकट थर पसरून ठाण मांडतात. त्या थराच्या आत औषधही धड पोचत नाही. थरात खडे धरतात आणि नळी तुंबते. मग मला रिकामे करा, उकळा, घासा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. थकले हो मी. फार थकले.

हे प्रयोग करणाऱ्या बाईंच्या वडिलांना घरी अशीच नळी होती. ती वरचेवर तुंबे. बाबा कळवळत, आणि वासाच्या लाजेने खोलीबाहेर येत नसत. त्यांची नात दारातूनच "आजोबा" म्हणे आणि नाक दाबून पळे. बाईंनी मनावर घेतले. काट्याने काटा काढायचा! दह्यातल्या जिवाणूंच्या नात्यातले निरुपद्रवी जिवाणू नळीवर आधीच वसवायचे. घर भरलेले असले की दुष्टांना पाय ठेवायला जागा मिळणार नाही.

कल्पना नामी होती, पण नळी तुंबली. पुन्हा केले, पुन्हा तुंबली. बाई माझ्यासमोर डोके धरून बसत. "बाबांना काय सांगू आता?" असे पुटपुटत. मला कारण दिसत होते, पण भांड्याला तोंड असले तरी जीभ नसते.

एकदा वरच्या मजल्यावर नळी बदलून घेतल्यावर बाबा खाली आमच्याकडे येऊन बसले. नळीतून येणारी लघवी साठवायची पिशवी टॉवेलखाली लपवलेली. बाईंनी जिवाणू वसवलेली नवी नळी उचलली आणि माझ्यात बसवण्याआधी स्पिरिटच्या बोळ्याने वरपासून खालपर्यंत पुसली.

बाबा कौतुकाने म्हणाले, "घरी माझी नळी पुसतेस तशीच इथेही पुसतेस की गं! हात कसा आपोआप चालतो तुझा."

तो हात तिथेच थांबला.

"बाबा, मीच मारत होते त्यांना."

"अगं, कुणाला?"

"चांगल्या जिवाणूंना! स्वतःच आणून वसवायचे आणि स्वतःच स्पिरिटने मारायचे. वेडी आहे मी."

"म्हणजे माझी सेवा नडली म्हण की," बाबा हसत म्हणाले.

पुढची नळी न पुसता बसली. धार चालूच राहिली. मी इतके दिवस न तुंबता कधीच राहिले नव्हते. बाई माझ्यासमोर उभ्या राहून रडल्या. नंतर बाबा आले तेव्हा म्हणाले, "मग घाल की ती मला."

"नाही बाबा. हे अजून फक्त काचेत जमलंय. माणसांवर तपासायला वर्षं जातील."

बाबांनी पिशवीवरचा टॉवेल सारखा केला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं. मला नाही तर नाही, पुढच्या म्हाताऱ्याला तरी मिळू दे. काय दोस्ता? आपण दोघं एकाच धंद्यातले!"

आजवर मला कुणी दोस्त म्हटले नव्हते. मला फार बरे वाटले.

आता मला तडा गेला आहे. माझे काम नवे भांडे करते आणि मी कपाटावर धूळ खाते. त्याचे दुःख नाही, सुटले एकदाचे. पण बाबांची नळी जुन्याच तऱ्हेची आहे आणि अजून तुंबते.

मित्रांनो, मी काच, मला दुखत नव्हते. त्यांना दुखते. घरात कुणाच्या पलंगाला अशी पिशवी दिसली, तर नळीला हात लावू नका, पण पिशवी भरली की मोठ्यांना लगेच सांगा. आणि हात धुऊन जवळ बसा. बाबांची नात अजून दारापर्यंतच येते म्हणे. ती तुमच्यातलीच कुणी असेल, तर बाळ, आत जा. ते वाट बघत आहेत.