खरकट्याची तक्रार

रुग्णालयाचे स्वयंपाकघर वहिनी सांभाळत आणि तिथे लागणारी भाजी त्यांच्या धाकट्या दिरांच्या मळ्यातून येत असे. दोघांचा बोलीवरचा व्यवहार होता. वॉर्डांतले खरकटे मळ्यात जायचे, त्याचे खत व्हायचे आणि त्या खतावर वाढलेली भाजी पुन्हा रुग्णांच्या ताटात यायची. खरकटे आटले, तर भाजीही बंद.

त्या दुपारी दीर तावातावाने आले. "वहिनी, हल्ली पिंप अर्धंसुद्धा भरत नाही. खरकटं परस्पर दुसऱ्या कुणाला देताय का?"

"भाऊजी, जीभ आवरा आणि माझ्याबरोबर चला."

वॉर्डातली जेवणे नुकतीच आटोपली होती. वहिनींनी उष्ट्या ताटांची गाडी दिरांपुढे उभी केली. पूर्वी बाहेरून आणलेल्या पाणचट भाजीचे ढीग या गाडीवरून जसेच्या तसे परत येत. आज ताटे पुसल्यासारखी लख्ख होती. खिडकीजवळचे एक आजोबा तर अजून बोटाने वाटी निपटत होते.

"बघता काय? तुमच्याच पालकाचा प्रताप आहे."

दीर वरमले. "म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेतला म्हणायचा. आता खताला काय घालू?"

"बाजारात रोज पाल्याचे ढीग टाकून देतात, ते उचलून आणू. भाजी मात्र थांबवायची नाही."

"थांबवतोय कोण?" दिरांनी मान ताठ केली आणि काही काम नसताना ते शेजारच्या वॉर्डातली ताटे पाहायला निघाले. वहिनींनी त्यांना अडवले नाही. त्यांनाही ती पाहायचीच होती.