हॉटेलात नेलेली शिदोरी

शिलाईताईने अंडी उकडत ठेवली आणि बटाटे धुवायला घेतले. ती कपडे आखूड-लांब करून देणाऱ्या दुकानात काम करायची, म्हणून गल्लीत तिला सगळे याच नावाने ओळखत. उद्या सकाळच्या बसने ती, नवरा, नणंद आणि धाकटी मुलगी अशा चौघांना कोर्टाच्या गावी जायचं होतं. तिचा थोरला मुलगा दीड-दोन वर्षांपूर्वी सायकलवरून घरी येताना एका मालवाहू व्हॅनखाली गेला, त्या खटल्याचे परवापासून शेवटचे दोन दिवस होते. रोज जाऊन-येऊन जमण्यासारखं अंतर नव्हतं. कोर्टासमोरच्या हॉटेलात खोली घ्यावी लागली होती आणि तिच्या भाड्यानेच सगळ्यांचं तोंड कडू झालं होतं. नाश्त्याचे पैसे वेगळे होते. म्हणून ही तयारी.

तिची मोठी नणंद टेबलाशी बसून शेंगदाणे पाखडत होती. तोंड अर्थातच चालू होतं.

"आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात उतरायचं, आणि ते असल्या कामासाठी. नशीब बघ माझं."

"वन्सं, मीठ कागदाच्या पुडीत बांधा. डबी वाटेत सांडते."

"बांधते गं. काकड्या चिरून घेऊ का?"

"नको, पाणी सुटेल. अख्ख्याच घ्या, मी सुरी घेतलीय. अंडीही सालासकटच राहू देत, टिकतात."

कच्ची-पिकली केळी, ब्रेडचे पुडे, दुधाची पावडर, चहाच्या पुड्या, गरम पाणी ओतलं की होणाऱ्या कपातल्या नूडल्स, चार ताटल्या. चौघांना दोन-तीन दिवस पुरेल एवढं तिने पिशवीत बरोबर बसवलं. थोरला गेल्यावर आपण स्वयंपाक जास्तीचा करून बसू, अशी तिला भीती वाटायची. तसं एकदाही झालं नाही. पहिल्या दिवसापासून अंदाज बरोबर आला, भात उरला नाही की कमी पडला नाही. तिला रडूही फारसं आलं नव्हतं. लोक म्हणत, खंबीर आहे. नवरा काही म्हणत नसे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. घरी येऊन हात धुवायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा.

हॉटेलच्या काउंटरवर पाटी होती : बाहेरचे खाद्यपदार्थ खोलीत नेऊ नयेत. धाकट्या मुलीने आईच्या कोपराला हळूच ढोसलं. काउंटरवरच्या माणसाने फुगलेल्या पिशवीकडे पाहिलं.

"यात काय आहे?"

"औषधं," वन्सं छातीठोकपणे म्हणाल्या. "मला बरीच दुखणी आहेत."

त्याच क्षणी पिशवीच्या तोंडातून काकडीचं टोक बाहेर डोकावलं. माणसाने ते पाहिलं, वन्संच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने किल्ली पुढे केली.

खोलीत दोन पलंग होते, एक खिडकी आणि न चालणारा टीव्ही. संध्याकाळी पलंगावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी अंडी सोलली. मग शिलाईताई चहासाठी थर्मास घेऊन बाहेर गेली. गरम पाण्याचं यंत्र पॅसेजच्या टोकाला होतं.

तिथे एक माणूस हातात कागदी पेला धरून उभा होता. शेजारी पाच-सहा वर्षांची मुलगी भुणभुण करत होती. यंत्रातून पाणी काही येत नव्हतं.

"आधी डावीकडचं बटण दाबायचं," शिलाईताई म्हणाली, "आणि ते धरून ठेवून उजवीकडचं."

पाणी आलं. माणूस ओशाळून हसला. त्याने खिशातून बिस्किटाचा पुडा काढला आणि मुलीला एक-एक बिस्कीट पाण्यात बुडवून द्यायला लागला.

"एवढंच खाणार ती?"

"बायकोने घरून डबा आणला होता, ताई. बसमध्येच आंबला. बाहेर चौकशी केली, पण इथले भाव..."

शिलाईताई खोलीत परत गेली. एका ताटलीत तीन अंडी, ब्रेड आणि चिमूटभर मीठ ठेवून ती घेऊन आली. मुलीने लगेच अंडं हातात घेतलं आणि भिंतीवर आपटून फोडलं.

"तुमचे फार उपकार झाले," माणूस म्हणाला. "उद्या कोर्टात काम आहे. सकाळपासून कशातच लक्ष नाही."

"आमचंही कोर्टातच काम आहे."

"तुमच्या मनासारखं होऊ दे, ताई."

"तुमच्याही," ती म्हणाली आणि थर्मास भरून निघाली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात आरोपीच्या जागी कालचा तोच माणूस उभा होता.

आजवरच्या तारखांना वकीलच जायचे, म्हणून घरातल्या कुणीच त्याला पाहिलं नव्हतं. शिलाईताईने ओळखलं आणि ती तशीच बसून राहिली. त्याचा शर्ट खांद्यात उतरतोय, मापाचा नाही, एवढंच तिच्या मनात आलं. मग त्याची नजर तिच्यावर पडली. त्याने लाकडी कठडा घट्ट धरला.

त्याच्या वकिलाचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. सायकलला दिवा नव्हता, अंधारात मुलगा दिसणार कसा? शिलाईताई पहिल्यापासून पोलिसांना सांगत आली होती की दिवा होता, त्यात नवी बॅटरी तिने स्वतः आदल्या दिवशी घातली होती. पण सायकलचा चेंदामेंदा झाला होता आणि आईच्या शब्दाला पुरावा कोण म्हणणार?

त्याच्याच वकिलाने त्याला विचारलं, "तुम्हाला सायकलवर दिवा दिसला का?"

त्याने कठड्यावरचे हात सोडले. मग म्हणाला, "दिसला."

"नीट आठवून सांगा."

"आठवतंय. दिवा चालू होता. मी फोनवर पत्ता बघत होतो. वर पाहिलं तेव्हा दिवा अगदी पुढ्यात होता."

वकिलाने हातातले कागद खाली ठेवले. शिलाईताईच्या नवऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. धाकटी रडायला लागली. हेच ऐकायला शिलाईताई इतके महिने थांबली होती. ते ऐकलं की आत काहीतरी हलेल, असं तिने मनाशी धरलं होतं. काही हललं नाही. पंखा फिरत होता, कुणीतरी खोकलं, न्यायाधीशांनी निकाल उद्यावर ठेवला.

दुपारी ते पलंगावर बसून थंड उकडलेले बटाटे मीठ लावून खात होते. तेवढ्यात दार वाजलं. दारात एक बारीकशी बाई उभी होती. हातात धुऊन पुसलेली ताटली.

"ही तुमची," ती म्हणाली. "मला आत्ता कळलं, तुम्ही कोण ते."

शिलाईताईने ताटली घेतली. "मुलीने खाल्लं?"

"हो."

बाईने मान खाली घातली आणि ती गेली. शिलाईताईने दार लावलं.

नवरा उभा राहिला होता. "तू त्यांना खायला दिलंस?"

"पोर उपाशी होतं. कोण आहेत, ते मला माहीत नव्हतं."

"आणि माहीत असतं तर?"

"नव्हतं माहीत. त्यापुढचं मला विचारू नका."

त्याचा आवाज चढणार होता, पण वन्संनी हात वर केला. "गप रे. त्याने खरं सांगितलं ते हिच्या अंड्यांमुळेच. खाल्ल्या मिठाला जागला."

"तसं नाही, वन्सं," शिलाईताई म्हणाली. "कशामुळे सांगितलं ते त्यालाच ठाऊक. तीन अंड्यांत माझ्या पोराचा हिशेब नका मांडू."

वन्संचा चेहरा पडला. मग त्यांनी एक केळं सोलून अर्धं तिच्या हातात दिलं. तिने ते खाल्लं.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. त्याला तुरुंगवास झाला. पोलीस त्याला नेत होते तेव्हा मुलगी आईच्या कडेवरून त्याला हाका मारत होती. शिलाईताईचा नवरा तिकडे न बघता जिना उतरला. शिलाईताईने पाहिलं. जिंकल्यासारखं वाटलं नाही, हरल्यासारखंही नाही.

परतीच्या बसमध्ये धाकटी खिडकीला डोकं टेकून झोपली. अर्ध्या वाटेवर बस एका स्टँडवर थांबली. वन्संनी पिशवी चाचपली. "दोन पुडे ब्रेड आहे अजून. कडक झालाय, पण चालेल."

"मला भूक लागलीय," शिलाईताई म्हणाली.

नवऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. गेली दीड-दोन वर्षं जेवायची वेळ झाली की ती जेवत होती. हे वाक्य तिच्या तोंडून त्याने ऐकलं नव्हतं.

"ब्रेड देऊ?" वन्संनी विचारलं.

"नको. काहीतरी गरम."

नवरा उठला, धाकटीच्या खांद्याला हात लावून तिला जागं केलं आणि सगळ्यांच्या आधी खाली उतरला. स्टँडवरच्या कँटीनमध्ये सूप होतं. त्याने चार वाट्या सांगितल्या. बाक ओले होते म्हणून चौघं उभ्यानेच प्यायली. सूप पाणचट होतं, मीठही जास्त झालं होतं. वन्संनी नाक मुरडून तसं बोलूनही दाखवलं. शिलाईताईने वाटी रिकामी केली आणि नवऱ्यापुढे धरली.

"आणखी मिळेल का बघा," ती म्हणाली.