दुपारी दीडची विश्रांती

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि भंगारात जाता जाता वाचलेला आहे. माझी नोकरी छपाईच्या छोट्याशा दुकानात. सुटे भाग जोडून मला उभे केले, तेव्हा दुकानाचे मालक काका आल्यागेल्याला माझे कौतुक सांगत. लोक पेनड्राइव्ह आणतात, मी फाइल उघडतो, शेजारचे यंत्र कागद काढते.

माझ्यात एक जन्मजात खोट होती. फाइल उघडताना मी माझ्या स्मृतीतली थोडी जागा अडवतो आणि काम झाले की सोडतो. पण पेनड्राइव्ह बिघडलेला असला, फाइल उघडलीच नाही, की ती जागा सोडायचे मी साफ विसरायचो. आणि धुण्यात गेलेले, पोरांनी चावलेले पेनड्राइव्ह आमच्याकडे काय कमी येतात!

सकाळी खोळंबा नको म्हणून काका रात्रीही मला चालूच ठेवत. तरी दहा वर्षे निभावले, ते काकूंमुळे. दुपारी दीडला जेवणाचा डबा उघडला की त्या मला बंद करायच्या.

"त्यालाही जरा पाठ टेकू दे," म्हणायच्या. काका हसायचे. पण बंद झालो की अडलेली सगळी जागा मोकळी व्हायची. तेव्हा हे मलाही ठाऊक नव्हते.

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. मला बंद कोण करणार? तिसऱ्या दिवशी माझी स्मृती गच्च भरली आणि पडदा जागच्या जागी थिजला.

"म्हातारा झाला. उद्या भंगारात देतो," काका वैतागून म्हणाले. मला फार वाईट वाटले.

तरी शेवटचा उपाय म्हणून त्यांनी दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावले. बाई दोन तास ठाण मांडून बसल्या.

"काका, यंत्र ठणठणीत आहे. चूक आतल्या प्रणालीत आहे. कुणी मुद्दाम खराब पेनड्राइव्ह लावत राहिलं, तरी हा आडवा पडेल. बनवणाऱ्यांनी दुरुस्ती केव्हाच पाठवलीय. पडद्यावर विचारत नव्हता का हा?"

"विचारायचा. मी 'नंतर' दाबायचो."

"किती वेळा?"

काका चष्मा पुसू लागले.

अर्ध्या तासात मी बरा झालो. त्यानंतर एकदाही अडलो नाही. काकू आजी होऊन परतल्या आणि दीड वाजता त्यांचा हात सवयीने माझ्याकडे आला.

"आता त्याची गरज नाही," काका म्हणाले.

"तुम्हाला तरी रोज कुठं असते? तरी जेवून आडवे होताच की!"

मित्रांनो, तुमच्या यंत्राने दुरुस्ती मागितली तर 'नंतर' म्हणू नका, एवढीच विनंती. सगळ्यांच्याच घरी काकू नसतात. बरे, आता थांबतो. डब्याचे झाकण वाजले.